शेअर्ड लायब्ररी बांधताना: ऑटोटूल्सच्या पायऱ्या आणि लिबटूलचे तीन आकडे

दादरला आम्ही काहीजण शनिवारी दुपारी लॅपटॉप घेऊन एकत्र बसतो. कुणी नोकरीत नवा असतो, कुणी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. ऑटोकॉन्फ (मशीन तपासणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट बनवणारं), ऑटोमेक (मेकफाइलचा साचा बनवणारं) आणि लिबटूल (लायब्ररी बांधणारं) ही ऑटोटूल्स वापरून शेअर्ड लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम चालताना वाटून वापरतात ती लायब्ररी, बांधायची वेळ आली की सगळ्यांच्या चुका जवळजवळ सारख्याच असतात. पायऱ्यांचा क्रम चुकतो. लायब्ररी बिल्ड झाली म्हणजे काम झालं असं वाटतं. आणि आवृत्तीचे आकडे अंदाजाने टाकले जातात. यातली तिसरी चूक सगळ्यात महाग पडते, कारण तिचा त्रास तुम्हाला होत नाही, तुमची लायब्ररी वापरणाऱ्याला होतो, आणि तोही काही महिन्यांनी.

आज्ञा, मॅक्रो आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती नेहमीच्या रोमन अक्षरांत, अंडरस्कोर आणि ठिपके जसेच्या तसे ठेवून लिहा.

उदाहरणासाठी एक छोटी लायब्ररी घेऊ: लिबहिशेब. रक्कम दिली की ती लाख-कोटींच्या पद्धतीने स्वल्पविराम टाकून मजकूर परत देते. १२३४५६७ दिले की १२,३४,५६७ मिळतात. बाकी गुंतागुंत नाही, त्यामुळे लक्ष बांधणीवर राहील.

टप्पा १: बाहेर काय दिसणार, ते आधी ठरवा

हा टप्पा बहुतेकजण गाळतात आणि थेट कॉन्फिगर.एसी, म्हणजे ऑटोकॉन्फसाठीच्या सूचनांची फाइल, उघडतात. तसं करू नका. लायब्ररी एकदा दुसऱ्याच्या हातात गेली की तिच्या हेडरमध्ये जे दिसतं ते बदलायला तुम्ही मोकळे राहत नाही.

समजा, हेडरमध्ये एक स्ट्रक्ट आहे. त्यात रुपये आठ बाइटचे आणि त्यानंतर पैसे चार बाइटचे. चौसष्ट बिटच्या मशीनवर त्याचा आकार भरणीसकट (कंपायलर सोडतो त्या रिकाम्या बाइटसकट) १६ बाइट होतो. पैसे आठव्या बाइटपासून सुरू होतात. सहा महिन्यांनी तुम्हाला चलनाचा कोड हवासा वाटला आणि तुम्ही चार बाइटचं नवं फील्ड दोघांच्या मध्ये टाकलं. आकार १६च राहिला, कारण रिकामी भरणी वापरली गेली. पैसे मात्र आता बाराव्या बाइटपासून आहेत. जुन्या हेडरवर कंपाइल झालेला प्रोग्राम अजून आठव्या बाइटलाच पैसे समजतो आणि चलनाचा कोड उचलतो. काहीही कोसळत नाही, एररही येत नाही. बिलावरचा आकडा तेवढा चुकतो.

म्हणून स्ट्रक्टचं पोट हेडरमध्ये उघडं ठेवू नका. हेडरमध्ये फक्त त्याचं नाव जाहीर करा, आतली मांडणी सी फाइलमध्ये ठेवा, आणि बनवायला एक, मोकळं करायला एक, वाचायला एक अशी फंक्शन्स द्या. मग आत काहीही हलवलं तरी बाहेरच्याला धक्का लागत नाही.

दुसरी गोष्ट नावांची. बाहेर दिसणाऱ्या प्रत्येक फंक्शनच्या नावाची सुरुवात हिशेब_ अशी करा. "पार्स", "इनिट", "लॉग" अशी उघडी नावं शेअर्ड लायब्ररीत ठेवणं धोक्याचं आहे. त्याच प्रोसेसमध्ये त्याच नावाचं दुसरं फंक्शन असेल तर कोणतं चालेल हे तुमच्या हातात राहत नाही.

तपासा: लोकांसाठी असलेली हेडर फाइल एकच आहे ना? आतल्या कामाची हेडर वेगळी आहे ना? हिशेब_ने सुरू न होणारं काही बाहेर दिसणाऱ्या यादीत आहे का?

टप्पा २: हत्यारं

उबुंटू किंवा डेबियनवर बिल्ड-इसेन्शियल, ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल आणि पीकेजी-कॉन्फिग एवढी पॅकेजेस पुरतात. लिबटूल नावाची आज्ञा टर्मिनलवर सापडली नाही तर घाबरू नका. डेबियनमध्ये ती वेगळ्या पॅकेजात ठेवलेली आहे आणि तुम्हाला ती लागत नाही. कॉन्फिगर चालला की तुमच्या प्रोजेक्टपुरती लिबटूल स्क्रिप्ट तिथेच तयार होते.

मॅकवाल्यांनी इथे थांबून वाचावं. मॅकवर लिबटूल नावाची आज्ञा आधीपासून असते, पण ती अ‍ॅपलची, पूर्ण वेगळी आहे. होमब्रूने घातलेली ग्नूची हत्यारं ग्लिबटूल आणि ग्लिबटूलाइझ या नावांनी येतात. या एका नावापायी अख्खी दुपार घालवलेले लोक मी पाहिले आहेत.

टप्पा ३: कॉन्फिगर.एसी, ओळींच्या क्रमासकट

इथे ओळींचा क्रम महत्त्वाचा आहे. हाडाचा सांगाडा एवढाच:

एसी_इनिट([हिशेब], [०.१.०])
एसी_कॉन्फिग_ऑक्स_डिर([बिल्ड-ऑक्स])
एसी_कॉन्फिग_मॅक्रो_डिर्स([एम४])
एएम_इनिट_ऑटोमेक([फॉरेन])
एसी_प्रोग_सीसी
एएम_प्रोग_एआर
एलटी_इनिट
एसी_कॉन्फिग_फाइल्स([मेकफाइल])
एसी_आउटपुट

ऑक्स-डिरची ओळ ऑटोमेकच्या आधी हवी, नाहीतर मदतनीस स्क्रिप्ट भलत्या फोल्डरमध्ये जाऊन पडतात. एएम_प्रोग_एआर हे एलटी_इनिटच्या आधी. फॉरेन हा शब्द विसरलात तर ऑटोमेक न्यूज, ऑथर्स, चेंजलॉग अशा फाइली मागत अडून बसतं. मग लोक रिकाम्या फाइली बनवून त्याचं तोंड बंद करतात. त्यापेक्षा तो एक शब्द लिहा.

जुन्या लेखांतून एसी_प्रोग_लिबटूल ही ओळ उचलू नका. तिच्या जागी आता एलटी_इनिट आहे.

टप्पा ४: मेकफाइल.एएम

लिब_एलटीलायब्ररीज = लिबहिशेब.एलए
लिबहिशेब_एलए_सोर्सेस = हिशेब.सी आतले.सी आतले.एच
लिबहिशेब_एलए_एलडीफ्लॅग्ज = -व्हर्जन-इन्फो ०:०:० -एक्स्पोर्ट-सिम्बॉल्स-रेजेक्स '^हिशेब_'
लिबहिशेब_एलए_लिबअ‍ॅड = -एलएम
इन्क्लूड_हेडर्स = हिशेब.एच

पहिल्या ओळीत फाइलचं नाव एलए वर संपतं, एसओ वर नाही. एसओ, म्हणजे शेअर्ड लायब्ररीची खरी फाइल, बनवणं लिबटूलचं काम आहे. लिनक्सवर एसओ, मॅकवर डायलिब, हा फरक ते स्वतः सांभाळतं. दुसऱ्या ओळीपासून नावातला ठिपका अंडरस्कोर होतो हेही पाहून घ्या.

सगळ्यात जास्त चुकणारी जागा चौथी ओळ. गणिताची लायब्ररी किंवा दुसरी कोणतीही लायब्ररी जोडायची असेल तर ती लिबअ‍ॅडमध्ये जाते, एलडीफ्लॅग्जमध्ये नाही. लिंकर (ऑब्जेक्ट फाइली आणि लायब्ररी एकत्र जोडणारा प्रोग्राम) ओळ डावीकडून उजवीकडे वाचतो. एलडीफ्लॅग्ज आधी येतात, तुमच्या ऑब्जेक्ट फाइली नंतर. उबुंटूवर लिंकरला अ‍ॅज-नीडेड हा पर्याय आपोआप दिलेला असतो. त्यामुळे "आत्तापर्यंत हिची गरज कुणाला पडली नाही" म्हणून आधी आलेली लायब्ररी तो गाळून टाकू शकतो. तसं झालं तरी तुमची लायब्ररी मात्र बिनतक्रार तयार होते आणि रडारड होते वापरणाऱ्याच्या मशीनवर.

ही रडारड घरातच व्हावी म्हणून लिनक्सवर लिंकरला -झेड डेफ्स हा पर्याय द्या. एखादा सिम्बॉल (फंक्शनचं किंवा व्हेरिएबलचं नाव) कुठेच सापडत नसेल तर बिल्ड जागेवर थांबतो.

सीफ्लॅग्ज हे नाव मेकफाइल.एएममध्ये वापरू नका. ते वापरणाऱ्याचं आहे. तुमचे पर्याय एएम_सीफ्लॅग्जमध्ये लिहा. आणि लिबहिशेब_एलए_सीफ्लॅग्ज लिहिलंत तर त्या लायब्ररीपुरतं एएम_सीफ्लॅग्ज लागूच होत नाही, हेही ध्यानात ठेवा. दोन्ही हवे असतील तर दुसऱ्यात पहिल्याचा उल्लेख करावा लागतो.

टप्पा ५: कॉन्फिगर तयार करा

एकच आज्ञा:

ऑटोरीकॉन्फ --इन्स्टॉल

बऱ्याच प्रोजेक्टमध्ये ऑटोजेन नावाची स्क्रिप्ट असते. तिच्यात एलोकल, ऑटोमेक, ऑटोकॉन्फ, लिबटूलाइझ अशा चार-पाच आज्ञा कुणीतरी कधीतरी आठवेल तशा लिहिलेल्या असतात. लिबटूलाइझ हे एलोकलच्या आधी चालायला हवं, कारण लिबटूलचे मॅक्रो जागेवर आले तरच एलोकल ते गोळा करेल. क्रम उलटा असेल तर एलटी_इनिट हा अनोळखी मॅक्रो आहे अशी तक्रार येते. लिबटूलचं पॅकेज घातलेलं नसलं तरी हीच तक्रार येते, म्हणून आधी तेच पाहा. ऑटोरीकॉन्फला क्रम माहीत आहे. त्याला करू द्या.

"एलोकल-१.१५ तुमच्या सिस्टिमवर नाही" अशा धर्तीचा संदेश दिसला तर एलोकलची जुनी आवृत्ती शोधत बसू नका. कुणीतरी तयार झालेल्या फाइली गिटमध्ये टाकल्या आहेत आणि क्लोन करताना त्यांच्या वेळा बदलल्या आहेत. ऑटोरीकॉन्फ --फोर्स --इन्स्टॉल चालवा आणि त्या फाइली गिटमधून काढा.

टप्पा ६: बिल्ड, पण वेगळ्या फोल्डरमध्ये

सोर्सच्या फोल्डरमध्ये कॉन्फिगर चालवू नका. शेजारी बिल्ड नावाचा फोल्डर करा, त्यात जा आणि तिथून सोर्स फोल्डरमधला कॉन्फिगर चालवा. प्रीफिक्स इथेच द्या. लायब्ररी शेवटी जिथे राहणार आहे तोच पत्ता. इन्स्टॉल करताना प्रीफिक्स बदलायची सवय असेल तर ती सोडा. लिबटूल काही वेळा अंतिम पत्ता बायनरीच्या आत कोरून ठेवतं. पत्ता नंतर बदलला तर आत जुना आणि बाहेर नवा अशी गत होते.

आधी कधी सोर्स फोल्डरमध्येच कॉन्फिगर चालवला असेल तर "सोर्स आधीच कॉन्फिगर झालेला आहे" म्हणून अडवणूक होते. तिथे जाऊन मेक डिस्टक्लीन करा आणि परत या.

मेक चालू असताना प्रत्येक सी फाइल दोनदा कंपाइल होताना दिसेल. ती चूक नाही. एकदा शेअर्ड लायब्ररीसाठी, पत्त्यावर अवलंबून नसलेला कोड म्हणून, आणि एकदा स्टॅटिकसाठी, म्हणजे प्रोग्रामच्या आतच मिसळून जाणाऱ्या लायब्ररीसाठी. स्टॅटिक नकोच असेल तर कॉन्फिगरला --डिसेबल-स्टॅटिक द्या, वेळ वाचतो.

आता चाचणीचा प्रोग्राम. चेक_प्रोग्राम्समध्ये त्याचं नाव घाला, टेस्ट्समध्येही घाला, आणि मेक चेक चालवा. हा प्रोग्राम डीबगरमध्ये उघडायला गेलात तर डीबगर म्हणेल की ही बायनरीच नाही. बरोबर म्हणतो तो. बिल्ड फोल्डरमध्ये जे दिसतं ती एक शेल स्क्रिप्ट असते. ती अजून इन्स्टॉल न झालेल्या लायब्ररीचा रस्ता दाखवून खऱ्या बायनरीला चालवते. खरी बायनरी .लिब्स या लपलेल्या फोल्डरमध्ये असते. डीबगर असा लावा:

./लिबटूल --मोड=एक्झिक्यूट जीडीबी ./चाचणी

टप्पा ७: तीन आकडे

व्हर्जन-इन्फोमध्ये तीन आकडे असतात: करंट, रिव्हिजन, एज. यांचा तुमच्या रिलीजच्या आकड्याशी काहीही संबंध नाही. रिलीजचा आकडा माणसांसाठी असतो, हे तीन आकडे लोडरसाठी, म्हणजे प्रोग्राम सुरू होताना त्याच्या लायब्ररी शोधून जोडणाऱ्यासाठी.

करंट म्हणजे लायब्ररीच्या बाहेरच्या रूपाचा चालू क्रमांक. रिव्हिजन म्हणजे ते रूप तेच ठेवून आत किती वेळा दुरुस्ती झाली. एज म्हणजे मागची किती रूपं ही लायब्ररी अजून निभावते. लिनक्सवर फाइलच्या नावात पहिला आकडा येतो करंट वजा एज, दुसरा एज, तिसरा रिव्हिजन. आणि एसओनेममध्ये, म्हणजे लायब्ररीच्या आत लिहिलेल्या तिच्या नावात, फक्त पहिला.

एसओनेम म्हणजे लोकलच्या डब्यावरचा इंडिकेटर समजा. विरारला जाणारा माणूस गाडीचा नंबर बघत नाही, पाटी बघून चढतो. रोज वेगळी गाडी आली तरी पाटी बरोबर असेल तर तो विरारला पोहोचतो. प्रोग्रामही लिंक होताना एसओनेम लिहून घेतो आणि पुढे कायम तीच पाटी शोधतो. पाटी विरारची आणि गाडी बोरिवलीला रिकामी, असं करायचा हक्क तुम्हाला नाही.

बदल कसा करायचा, ते क्रमाने:

१. मागच्या रिलीजनंतर कोडमध्ये काहीही बदललं असेल तर रिव्हिजन एकने वाढवा.
२. बाहेर दिसणारं काही वाढलं, गेलं किंवा बदललं असेल तर करंट एकने वाढवा आणि रिव्हिजन शून्य करा.
३. फक्त वाढलं असेल, जुनं सगळं शाबूत असेल, तर एज एकने वाढवा.
४. काहीही गेलं किंवा बदललं असेल तर एज शून्य करा.

लिबहिशेबवर लावून पाहू. पहिलं रिलीज ०:०:०, फाइल लिबहिशेब.एसओ.०.०.०. स्वल्पविरामाची एक चूक सुधारली, ०:१:०, फाइल .०.०.१, पाटी ०. मग शब्दांत रक्कम देणारं नवं फंक्शन घातलं, १:०:१, फाइल .०.१.०, पाटी अजूनही ०, म्हणून जुने प्रोग्राम चालतात. शेवटी एक जुनं फंक्शन काढलं, २:०:०, फाइल .२.०.०, पाटी २. पाटी ० वरून थेट २ झाली म्हणून बिचकू नका. आकडे सलग असायची गरज नाही.

आता चूक पाहा. रिलीज २.३.१ आहे म्हणून कुणी २:३:१ लिहिलं. करंट वजा एज १, म्हणजे पाटी १. पुढचं रिलीज २.४.०, म्हणून २:४:०. पाटी २ झाली, काही कारण नसताना सगळे जुने प्रोग्राम अडले. त्यापुढचं ३.०.१, यात दोन फंक्शन्स काढलेली. ३:०:१ लिहिलं, तीन वजा एक, पाटी पुन्हा २. फंक्शन्स गेली आणि पाटी तीच राहिली.

हे मी अंधेरीच्या एका ऑफिसात स्वतः भोगलं आहे. नवी लायब्ररी मंगळवारी चढवली, प्रोग्राम सुरू झाला, सगळं हिरवं. काढलेलं फंक्शन फक्त महिनाअखेरच्या अहवालात वापरलं जायचं. लिनक्सवर सिम्बॉल बहुधा पहिल्यांदा लागेल तेव्हाच शोधला जातो, म्हणून अठरा दिवस काही कळलं नाही. एकतीस तारखेला रात्री पावणेदहाला अहवाल "अनडिफाइंड सिम्बॉल" म्हणून पडला. शेवटची गाडी चुकली आणि पहाटे चारच्या सुमाराला जुनी लायब्ररी परत चढवून आम्ही स्टेशन गाठलं.

तेव्हापासून माझा नियम आहे. नवी लायब्ररी चढवली की प्रोग्राम एकदा एलडी_बाइंड_नाउ=१ ठेवून चालवायचा. मग लोडर सगळे सिम्बॉल सुरुवातीलाच शोधतो, आणि काही कमी असेल तर त्याच मिनिटाला सांगतो.

सावधान: हे आकडे प्रत्येक कमिटला बदलू नका. रिलीजच्या आधी एकदाच, मागच्या प्रसिद्ध रिलीजशी तुलना करून बदला. आणि पाटी छोटी दिसावी म्हणून आकडे मागे नेऊ नका.

टप्पा ८: खोट्या मुळाखाली इन्स्टॉल करून तपासणी

मेक इन्स्टॉल डेस्टडिर=/टीएमपी/मांडणी

यामुळे सगळं त्या फोल्डरच्या आत मांडलं जातं, सिस्टिमला हात लागत नाही. आत एक खरी फाइल, तिच्याकडे बोट दाखवणारे दोन दुवे, एलए फाइल आणि हेडर दिसायला हवी. स्टॅटिक बंद केलं नसेल तर ए फाइलही.

तपासा, याच क्रमाने:

रीडएल्फ -डी लावून एसओनेम वाचा. ठरवलेली पाटी आहे का? त्याच यादीत नीडेडच्या ओळी वाचा. लिबअ‍ॅडमध्ये लिहिलेली लायब्ररी प्रत्यक्ष वापरली असेल तर ती तिथे दिसलीच पाहिजे.

एनएम -डी --डिफाइंड-ओन्ली लावून बाहेर दिसणाऱ्या नावांची यादी काढा. ही यादी मी प्रत्येक रिलीजला मजकूर फाइल म्हणून गिटमध्ये ठेवतो. पुढच्या वेळी डिफ घेतला की काय वाढलं, काय गेलं ते समोर दिसतं आणि टप्पा ७ मधला निर्णय अंदाजावर राहत नाही. स्ट्रक्टच्या आतले बदल या यादीत दिसत नाहीत. त्यासाठी एबीआयडिफ हे हत्यार वापरा, जुनी आणि नवी अशा दोन्ही फाइली डीबग माहितीसकट त्याला द्या.

टप्पा ९: खरं इन्स्टॉल

आता सुडो मेक इन्स्टॉल, आणि मग सुडो एलडीकॉन्फिग. दुसरी आज्ञा विसरली की फाइल डोळ्यांसमोर असूनही "नो सच फाइल" येतं, कारण लोडर आपल्या कॅशमध्ये बघतो. एलडीकॉन्फिग -पी लावून तुमची लायब्ररी यादीत आली का ते बघा. आली नसेल तर तुमचा फोल्डर लोडरच्या यादीत नाही. एलडी.एसओ.कॉन्फ.डी मध्ये एका ओळीची फाइल टाका आणि पुन्हा एलडीकॉन्फिग.

एलडी_लायब्ररी_पाथ बॅशआरसीमध्ये कायमचा लिहून ठेवू नका. तात्पुरत्या चाचणीपुरता ठीक आहे. कायमचा ठेवला तर तुमच्या शेलमधून सुरू होणारा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम आधी त्या फोल्डरमध्ये डोकावतो, आणि भलतीच लायब्ररी भलत्या प्रोग्रामला लागते.

चालू सर्व्हरवर नवी एसओ फाइल सीपीने जुनीवर चढवू नका. सीपी तीच फाइल आतून बदलतं, आणि तिच्यावर चालू असलेल्या प्रोसेसच्या पायाखालची जमीन सरकते, ती कोसळते. इन्स्टॉल ही आज्ञा आधी जुनी फाइल बाजूला करते आणि मग नवी ठेवते, त्यामुळे चालू प्रोसेसकडे जुनी प्रत शाबूत राहते. नवी लायब्ररी मात्र ती प्रोसेस पुन्हा सुरू केल्यावरच लागते.

टप्पा १०: टारबॉल

मेक डिस्टचेक चालवा. तो टारबॉल (वाटपासाठी सोर्सच्या फाइलींचा एकत्र गठ्ठा) बनवतो, उलगडतो, सोर्सला केवळ वाचनाचा हक्क देऊन वेगळ्या फोल्डरमध्ये बिल्ड करतो, चाचण्या चालवतो, इन्स्टॉल आणि अनइन्स्टॉल करून मागे कचरा राहिला का ते बघतो. पहिल्या वेळी तो हमखास पडतो, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: आतले.एच सोर्सेसमध्ये लिहायचं राहिलेलं असतं. तुमच्या फोल्डरमध्ये ती फाइल आहे म्हणून तुम्हाला कधी जाणवलं नव्हतं.

डिस्टचेक पार पडला की टारबॉल दुसऱ्याच्या मशीनवर उघडा. जमल्यास मॅकवर. तिथे लिबहिशेबची पाटी डायलिबच्या नावात दिसेल, आणि तिची तपासणी रीडएल्फऐवजी ओटूल -एलने करावी लागेल. टारबॉलमध्ये कॉन्फिगर तयार असतो, म्हणून समोरच्याला ऑटोकॉन्फ किंवा ऑटोमेक घालायची गरज पडता कामा नये. पडली, तर टारबॉल परत घ्या आणि टप्पा ५ पासून पुन्हा सुरू करा.